सहा धावपटू, २४ आठवडे आणि गोव्याची ७०.३ : तयारी कुठून सुरू करायची?

घाटवाट_सातारा

नमस्कार मंडळी. साताऱ्यातल्या हौशी धावपटूंच्या एका गटाचं प्रशिक्षण माझ्याकडे आहे. त्यातल्या सहा जणांना ट्रायथलॉनने झपाटलंय आणि गोव्याची आयर्नमॅन ७०.३ करायचीच असं त्यांनी ठरवलंय. म्हणजे १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि वर २१.१ किमी धावणं. हातात २४ आठवडे आहेत, सुरुवात मे महिन्यात.

सद्यस्थिती अशी. चार पुरुष, दोन स्त्रिया, वयं ३१ ते ५२. धावण्याची काळजी नाही. यवतेश्वराचा घाट सगळ्यांच्या पायाखालचा आहे, सातारा हिल हाफ मॅरेथॉन पावणेदोन ते सव्वादोन तासांत होते, आठवड्याला ५०-५५ किमी धावणं आहे. पोहण्यात दोघे विहिरीत शिकलेले, मुंडी वर ठेवून कितीही वेळ पोहतील पण फ्रीस्टाइल नाही. तिघे टँकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल मारून कठड्याला धापा टाकत उभे राहतात. एक ताई अलीकडेच पोहायला शिकल्या, त्यांना खोल पाण्याची भीती वाटते. सायकलींमध्ये दोन रोड बाइक, तीन हायब्रिड आणि एक एमटीबी (डोंगरी सायकल).

प्रश्न तीन:
१) अर्धमॅरेथॉन सहज धावणारा माणूस ५० मीटरमध्ये का संपतो, आणि तिथून १९०० मीटरपर्यंत त्याला कसं न्यायचं?
२) घाटात सायकल मारली की ९० किमीची तयारी होते का? हायब्रिड चालेल का?
३) गोव्याच्या दमट उन्हात सात-आठ तास खाणं-पिणं कसं बसवायचं?

---

तळ्याकाठी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो, कारण तुमच्या सहाही जणांची शर्यत पाण्यातच ठरणार आहे.

धावपटूचा दम कमी पडत नाही. तो पाण्यात श्वास सोडत नाही, हे खरं कारण. तोंड पाण्यात असताना श्वास कोंडून ठेवायचा आणि मान वळवल्यावर एका क्षणात सोडायचा पण आणि घ्यायचा पण, हे जमत नाही. छातीत कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि ‘हवा हवी’ ही घालमेल त्यानेच होते. मग माणूस मुंडी वर काढतो. मुंडी वर गेली की कंबर खाली जाते, कंबर खाली गेली की पाय बुडतात आणि शरीर तिरकी फळी होऊन पाणी ढकलत राहतं. त्यात धावपटूंचे घोटे ताठ. पाऊल मागे सपाट होत नाही, आकड्यासारखं वळलेलं राहतं, आणि लाथ गुडघ्यातून बसते. अशी लाथ पुढे नेत नाही, उलट ब्रेक लावते. शिवाय मांडीचे मोठे स्नायू भरमसाट प्राणवायू खातात. ५० मीटरला संपणं हा या सगळ्याचा हिशेब आहे.

त्यामुळे पहिले दोन आठवडे अंतर मोजूच नका. कठड्याला धरून तोंड पाण्यात घालायचं, नाकातून ‘हूं’ असा आवाज करत सलग बुडबुडे सोडायचे, मान बाजूला वळवून फक्त घ्यायचं. दहा मिनिटं हेच, प्रत्येक वेळी. मग भिंतीला पाय लावून हात पुढे ताणून सरकणं. नजर तळाच्या फरशीवर, मान लांब, छाती किंचित दाबलेली. लाथ न मारता पाच-सहा मीटर सरकता आलं की कंबर वर आली असं समजा. नंतर एका कुशीवर, खालचा हात पुढे ठेवून नुसती लाथ, २५ मीटरचे सहा. इथे पायात घालायला आखूड फिन्स (रबरी पाती) द्या, त्यांनी घोटा सैल व्हायला मदत होते. घरी टाचांवर बसून घोटा ताणायचा, रोज दोन मिनिटं. गुडघा दुखत असेल त्याने टाचेखाली उशी घ्यावी.

तिसऱ्या आठवड्यापासून २५ मीटरचे १६, मध्ये २०-३० सेकंद विश्रांती. अट एकच: सोळाव्याला हातांची संख्या आणि वेळ पहिल्याइतकीच हवी. हात वाढले म्हणजे तंत्र मोडलं, तिथेच थांबवा. मग ५० चे १२, मग १०० चे १०. अंतर वाढवायचं, वेग नाही. दमलेल्या माणसाला ‘एक किलोमीटर पूर्ण कर’ म्हणून ढकललं तर तो एक किलोमीटर चुकीचं पोहणं पक्कं करून घेतो. धावण्याच्या प्रशिक्षकांकडून नेमकी हीच चूक होते, कारण धावण्यात किलोमीटर वाढवले की फायदा दिसतो. आठवड्यातून एकदा दोन तासांपेक्षा तीनदा ४५ मिनिटं कधीही बरी.

पुल बॉय, म्हणजे मांड्यांमध्ये धरायचा फोमचा ठोकळा, धावपटूंना फार आवडतो, पाय आपोआप वर येतात ना! त्याच्यावर पाव वेळेपेक्षा जास्त पोहू देऊ नका, तो काढला की पाय पुन्हा बुडतात.

विहिरीत शिकलेले दोघे तुमची जमेची बाजू आहेत. त्यांना पाण्याची भीती नाही आणि ती गोष्ट शिकवून येत नाही. त्यांची सवय मोडायची ती दोनच ठिकाणी. एक, मुंडी. दुसरं, हात डोक्यासमोर मधली रेघ ओलांडून आत पडतो आणि शरीर सापासारखं हलतं. ‘हात खांद्यासमोर, रुळावर पडू दे’ एवढं सांगत राहा.

आठव्या आठवड्यात वेळ लावून ४०० आणि पुरेशा विश्रांतीनंतर २०० मीटर पोहायला लावा. ४०० च्या वेळेतून २०० ची वेळ वजा करून दोनने भागलं की १०० मीटरचा टिकाऊ वेग मिळतो. उदाहरणार्थ ४०० ला १० मिनिटं आणि २०० ला ४:४० लागली, तर फरक ५:२०, म्हणजे १०० ला २:४०. बहुतेक सराव याच्यापेक्षा पाच-दहा सेकंद सावकाश.

७०.३ मध्ये पोहण्याचा कट-ऑफ, म्हणजे वेळेची मर्यादा, सहसा १ तास १० मिनिटं असतो, म्हणजे १०० मीटरला ३:४१. ऐकायला सोपं वाटतं. पण समुद्रात भिंत नसते, ढकलून घ्यायला काही मिळत नाही आणि वाट वाकडी झाली की १९०० चे २१०० होतात. म्हणून टँकमध्ये सलग १९०० मीटर १०० ला ३ मिनिटांनी, म्हणजे ५७ मिनिटांत जमलं पाहिजे. खाऱ्या पाण्यात शरीर थोडं वर तरंगतं, तेवढा फायदा आहे, पण त्यावर हिशेब मांडू नका.

आता त्या ताई. त्यांना वेगाचं काहीही सांगू नका. उथळ टोकापासून कठड्याच्या कडेने खोल टोकापर्यंत जाणं, खोल भागात उभ्याने तरंगणं, पाठीवर पडून राहणं. मग परीक्षा: मध्यावर पोहताना थांबायचं, पाठीवर वळायचं, दहा श्वास घ्यायचे, पुन्हा पोटावर येऊन पुढे निघायचं. कठड्याला हात न लावता हे तीनदा जमलं की भीती आटोक्यात आली. ही परीक्षा सहाही जणांची घ्या. ती उत्तीर्ण झाल्याशिवाय कोणालाही उघड्या पाण्यात नेऊ नका.

आणि श्वास कोंडून टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाण्याची स्पर्धा लावू नका. भराभर श्वास घेऊन बुडी मारली की घालमेल व्हायच्या आधीच शुद्ध जाऊ शकते, आणि चांगले पोहणारेच त्यात बुडतात.

---

खारेवारे

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, एक भर घालते: तुमचं वेळापत्रक पावसाने आखलं जाणार आहे. मे ते जूनचा पहिला आठवडा आणि सप्टेंबरअखेरनंतर, एवढेच उघड्या पाण्याचे दिवस. मधले चार महिने नदी नाही, धरण नाही, समुद्र नाही. विसर्ग सुरू असलेल्या धरणाच्या आसपाससुद्धा फिरकू नका. म्हणून ज्यांना पाण्याची भीती नाही अशा दोघांना मे महिन्यातच तलाव दाखवा, बाकीच्यांना ऑक्टोबरमध्ये. जिथे पोहणार तिथली रीतसर परवानगी, सोबत कायाक किंवा होडी, प्रत्येकाच्या कमरेला भडक रंगाचा तरंगता फुगा आणि भडक टोपी. एकट्याने कधीच नाही.

समुद्रात टँकपेक्षा वेगळं काय? तळ दिसत नाही, रेघ नाही. दर सात-आठ हातांनी डोळे फक्त पाण्याच्या रेषेवर आणून वाट दाखवणारा तरंगता बोया बघायचा, मगर बघते तसा, आणि लगेच बाजूला वळून श्वास. पूर्ण मुंडी काढून बघितलं की पाय बुडालेच. बोया लाटेमुळे दिसला नाही तर पुढच्या हातांना पुन्हा बघा, थांबू नका. बोयाच्या मागचं उंच झाड किंवा इमारत खूण म्हणून आधीच हेरून ठेवली तर खूप सोपं जातं. श्वास दोन्ही बाजूंनी घेता यायला हवा, कारण ज्या बाजूने लाट येते त्या बाजूला तोंड उघडलं की खारं पाणी आत जातं. आत शिरताना पाणी मांडीपर्यंत येईतो गुडघे उंच उचलत चालायचं, मग लाटेखालून सूर. येणाऱ्या लाटेवर छातीने आदळायचं नाही.

पहिले २०० मीटर जाणूनबुजून सावकाश. गर्दीत कोणाची लाथ बसते, गॉगल सरकतो, नाडी वर जाते आणि घाबरगुंडी उडते. रोलिंग स्टार्ट असेल, म्हणजे सगळ्यांना एकदम न सोडता रांगेतून थोडे-थोडे सोडत असतील, तर आपल्या खऱ्या वेळेच्या रांगेत उभं राहा, पुढे घुसू नका. गॉगलचा पट्टा दोन टोप्यांच्या मध्ये ठेवला की लाथेने निघत नाही. मान, काखा आणि जिथे शिवण घासते तिथे पेट्रोलियम जेली चोपडा. मिठाच्या पाण्यात अर्ध्या तासात कातडी सोलते, आणि पुढे सहा तास त्यावर घाम.

वेटसूटचा खर्च करू नका. पाणी २४.५ अंश सेल्सिअसपर्यंत असेल तरच हौशींना त्याची सरसकट मुभा असते आणि गोव्याचं पाणी त्याहून बरंच कोमट असतं.

वेळेचं गणितही आत्ताच मांडून ठेवा. पोहणं १ तास, पहिलं ट्रान्झिशन (एका प्रकारातून दुसऱ्यात जायची तयारी) ८ मिनिटं, सायकल ताशी २५ ने ३:३६, दुसरं ट्रान्झिशन ५ मिनिटं, धावणं अडीच तास. एकूण ७:१९. एकूण मर्यादा साधारण साडेआठ तास, म्हणजे सोय आहे. पण सायकल संपेपर्यंतची साडेपाच तासांची मर्यादा फसवी आहे. पोहायला १:०९ लागले आणि सायकल ताशी २१ ने झाली, म्हणजे ४:१७, तर ट्रान्झिशन धरून ५:३४ होतात आणि अर्धमॅरेथॉन ताजी शिल्लक असलेला धावपटू बाहेर बसतो. त्या वर्षीच्या पत्रकातले आकडे पाहून हे गणित प्रत्येकाचं वेगळं करा.

---

चेनरिंग_५०

सायकलीवर लिहितो.

घाटाने पाय येतात, पण ९० किमीची तयारी निम्मीच होते. घाटात चढताना सतत जोर आणि उतरताना पेडल बंद. सपाटीवर वारा अंगावर घेत साडेतीन तास पेडल न थांबवता बसणं हे वेगळंच काम आहे. कंबर, मान आणि बूड यांची परीक्षा तिथे होते. आठवड्यातला एक लांबचा फेरा कोरेगाव-पुसेगावच्या बाजूला न्या. वर्धनगडचा घाट सोडला तर लय धरून चालवता येईल असे पट्टे तिकडे मिळतात. महामार्गावर नको. फेरा ४० किमीपासून सुरू करून दर आठवड्याला ८-१० किमीने वाढवा, चौथा आठवडा कमी. शर्यतीपूर्वी ९० ते १०० किमी तीनदा तरी झालेले असू देत.

हायब्रिड चालते. एमटीबीसुद्धा नियमात बसते, फक्त तिचे गोट्या असलेले टायर काढून गुळगुळीत घाला. पैसे खर्च करायचे झाले तर हा क्रम: आधी फिटिंग, मग चांगले टायर, मग पॅडची चड्डी, मग क्लिपचे पेडल, शेवटी एअरोबार (पुढे वाकून कोपर टेकायचे दांडे). नवी सायकल या यादीत बसत नाही. हायब्रिडचं हँडल सरळ असतं, माणूस ताठ बसतो आणि वाऱ्याला छाती देतो. स्टेमखालच्या (हँडल धरणाऱ्या दांड्याखालच्या) रिंगा वर टाकून हँडल दोन सेंटिमीटर खाली आणलं तरी फरक पडतो.

सीटची उंची: पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. पंजा ठेवला की गुडघ्यात आपोआप २५ ते ३५ अंशांचा वाक राहतो. गुडघा पुढून दुखला तर सीट खाली किंवा फार पुढे आहे, मागून दुखला तर फार वर आहे. कंबर डावी-उजवी डुलत असेल तरी वरच आहे. बायकांना अनेकदा रुंद आणि मध्ये खाच असलेली सीट लागते. ‘सवय होईल’ म्हणून त्यांना तसंच दामटू नका, दुखणं अंगावर काढून ९० किमी होत नाहीत.

धावपटू जड गिअर लावून मांडीच्या जोरावर मारतात आणि मग धावायला मांडी उरत नाही. पेडलचे मिनिटाला ८५ ते ९५ फेरे हवेत. हलका गिअर, भराभर पाय.

पावसाळ्यात घरी ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड. दोन पंखे लावा, एक पुरत नाही. वीस मिनिटं पूर्ण जोर लावून चालवायची, तिथली सरासरी पॉवर (पेडलवरचा जोर, वॅटमध्ये) गुणिले ०.९५ म्हणजे त्याची तासभराची मर्यादा. पॉवर मीटर नसेल तर त्याच वीस मिनिटांची सरासरी नाडी टिपा आणि दमाचा अंदाज धरा. आठवड्यात एकदा मर्यादेच्या ८५ ते ९० टक्क्यांवर १० मिनिटांचे तीन, दोन महिन्यांत ते २० मिनिटांचे तीन. शर्यतीत मात्र पहिल्या वेळी ७० ते ७५ टक्के, एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येईल इतकंच. पहिल्या २० किमीत ‘फार सावकाश चाललंय’ असं वाटलं पाहिजे.

टायर: ७० किलोच्या माणसाला २८ मिमीच्या टायरला ७०-७५ पीएसआय हवा पुरे. ११० भरून दगडासारखं करू नका, खराब रस्त्यावर तो उडतो आणि हळूच होतो. पंक्चर काढायला सहाही जणांना शिकवा, आठ मिनिटांच्या आत, मागचं चाक. चाक काढायच्या आधी चेन सगळ्यात लहान दातरीवर. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवायचं, कारण बाभळीचा काटा किंवा तारेचा तुकडा आत राहिला तर नवी ट्यूबही दोन किलोमीटरवर बसते. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर काटा शोधत बसू नका, ती हवा कमी असल्याने खड्ड्यात चिमटली आहे. नवी ट्यूब थोडी फुगवून बसवा, नाहीतर टायर आणि रिमच्या मध्ये सापडून फाटते. सोबत दोन ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, पंप.

आणखी एक. गटाने चालवणाऱ्यांना पुढच्याच्या चाकाला चिकटायची सवय असते. इथे ड्राफ्टिंग बंद. दोन सायकलींच्या पुढच्या चाकांमध्ये १२ मीटर अंतर, त्या टापूत शिरलात तर २५ सेकंदांत ओलांडून पुढे जायचं. पकडलं तर ५ मिनिटं दंडाच्या तंबूत उभं राहावं लागतं. महिनाभर आधीपासून लांबचे फेरे अंतर ठेवूनच मारा, नाहीतर खरा वेग कळत नाही.

---

मीठ_साखर_पाणी

तिसरा प्रश्न. शर्यत पोटात बिघडते आणि धावताना कळते. त्यामुळे याचा सराव पहिल्या लांब सायकलीपासूनच करायचा.

आधी घाम मोजा. एक तास शर्यतीच्या जोराने, शर्यतीच्या वेळेच्या उन्हात. आधी आणि नंतर अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन. समजा ६२.४ चं ६१.२ झालं आणि मध्ये अर्धा लिटर प्यायलं, तर तासाला १.७ लिटर घाम. हा सगळा परत भरायला जाऊ नका, पोट तेवढं घेत नाही. तासाला ६०० ते ८०० मिली बहुतेकांना जमतं. साताऱ्याची सकाळ गोव्याहून थंड असते, तिथला आकडा गोव्याला लावू नका. शर्यतीआधीचे १०-१४ दिवस मुद्दाम दुपारच्या उन्हात सावकाश ४५-६० मिनिटं धावा, म्हणजे घाम लवकर सुटायला लागतो आणि नाडी खाली येते. गोव्यात दोन दिवस आधी पोहोचून हे होत नाही.

कर्बोदकं तासाला ६० ग्रॅम. सुरुवात ३० ग्रॅमपासून, दर दोन आठवड्यांनी १० ग्रॅम वाढ. आतड्याला सवय लावावी लागते, पायांसारखीच. बाजारची एनर्जी जेल एका पुडीत साधारण २०-२५ ग्रॅम देते. तितकंच एका मध्यम केळ्यात मिळतं. २० ग्रॅम गुळात १८ च्या आसपास. मीठ लावलेले उकडलेले बटाटे १०० ग्रॅममागे १७-२० देतात आणि तिसऱ्या तासाला गोडाचा वीट आला की तेच तारतात. शेंगदाण्याची चिक्की सायकलीवर नको, तुपाचे लाडूही नकोत. स्निग्ध पदार्थ पोटात पडून राहतात. सगळ्यात स्वस्त बाटली: ७५० मिली पाण्यात ५० ग्रॅम साखर, पाव चमच्याहून थोडं जास्त मीठ, लिंबू. एक ग्रॅम मिठात ४०० मिलीग्रॅम सोडियम असतं. जो माणूस वाळल्यावर टोपीवर पांढरे डाग पाडतो त्याला मीठ जास्त लागतं.

ओआरएसबद्दल गैरसमज आहे. एक लिटरच्या पुडीत १३.५ ग्रॅमच ग्लुकोज असतं. मीठ भरपूर, इंधन नगण्य. नुसत्या ओआरएसवर ९० किमी गेलात तर पाय रिकामे होणार.

नुसतं पाणी पीत सुटणं हा उलटा धोका. सात तास साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. बोटं सुजतात, अंगठी घट्ट होते, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस असंबद्ध बोलतो. शर्यतीत वजन वाढलं असेल तर हेच. अशा वेळी आणखी पाणी पाजू नका, वैद्यकीय तंबूत न्या. उष्माघातातही माणूस असंबद्ध बोलतो, पण अंग तापलेलं असतं. तिथे आधी बर्फ, थंड पाणी, वारा, आणि मग दवाखाना. दोन्हींत घरगुती निदान करत वेळ घालवायचा नाही.

सायकलीच्या पहिल्या १५ मिनिटांत फक्त घोट-घोट पाणी, पोटातलं खारं पाणी बसू द्या. मग दर १५ मिनिटांनी घड्याळाचा गजर. भुकेची वाट पाहायची नाही. शेवटच्या १५ मिनिटांत घन पदार्थ बंद.

---

खारेवारे

ट्रान्झिशनचं थोडक्यात. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि परत येऊन सायकल टांगेपर्यंत काढायचा नाही. आखलेल्या रेघेच्या पुढे गेल्यावरच सायकलवर बसायचं. बिब नंबर (शर्यतीचा क्रमांक) कमरेच्या पट्ट्यावर, सायकलीवर पाठीमागे, धावताना पुढे. मैदानात रिकाम्या पिशव्या मांडून क्रम पाठ करून घ्या: गॉगल-टोपी काढ, पाय पूस, मोजे, बूट, हेल्मेट, पट्टा, सायकल. ओल्या पायात मोजे चढवायला किती वेळ जातो ते तिथेच कळेल.

ब्रिक, म्हणजे सायकलीवरून उतरून लगेच धावणं, आठवड्यातून एकदा पुरे. १५-२० मिनिटं. पहिले दीड-दोन किलोमीटर पाय लाकडाचे लागतात आणि गंमत म्हणजे वेग मात्र जास्त निघतो, कारण सायकलीची लय पायात असते. तुमचे घाटातले गडी इथेच फसतील. पहिले पाच किलोमीटर नेहमीच्या अर्धमॅरेथॉनपेक्षा किलोमीटरला ३० सेकंद सावकाश.

---

घाटवाट_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी उरल्या. पन्नाशीच्या एका सदस्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे. आणि ५०-५५ किमी धावणं ठेवून बाकीचं बसत नाही, त्याचं काय करू? २४ आठवडे खरोखर पुरतील का?

---

तळ्याकाठी

गोळीबद्दल आधी. हृदयरोगतज्ज्ञाकडून ईसीजी, टूडी इको आणि ट्रेडमिल टेस्ट झाल्याशिवाय त्यांना पाण्यात जोर लावू देऊ नका. ट्रायथलॉनमधले हृदयाचे बहुतेक मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात झालेत. गोळी बीटा ब्लॉकर गटातली असेल तर नाडी नेहमीइतकी वर जात नाही. घड्याळातले नाडीचे पट्टे त्यांना लागू पडत नाहीत, दमाच्या अंदाजाने चालवा. लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हात पाणी आणि क्षार दोन्ही घसरतात. वेळ किंवा मात्रा बदलायची का ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

२४ आठवड्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पाच जणांना पुरतील. त्या ताईंना कदाचित पुरणार नाहीत आणि त्यात काही बिघडत नाही. १६ व्या आठवड्यात टँकमध्ये सलग १५०० मीटर ५० मिनिटांच्या आत न थांबता झालं नाही, तर त्यांनी यंदा ७५० मीटर, २० किमी, ५ किमी अशी स्प्रिंट शर्यत करावी.

---

चेनरिंग_५०

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. स्प्रिंट सहाही जणांनी करावी, जमेल तेव्हा, सप्टेंबर-ऑक्टोबरात. शर्यत मिळाली नाही तर टँक, पार्किंग आणि रस्ता वापरून स्वतःच घडवा. गॉगल कुठे ठेवला, सायकल कुठे टांगली, घाईत काय विसरलं, हे ७०.३ च्या दिवशी पहिल्यांदा कळू नये.

धावणं ३० ते ३५ किमीवर आणा. हे ऐकून गट कुरकुरेल. पण तीन फेऱ्यांत ते टिकतं: एक लांब १६-१८ किमी, एक मध्यम वेगाचा ८-१० किमी, एक ब्रिक. घाटाची उतरण बंद, ती मांडी फोडते आणि दुसऱ्या दिवशीची सायकल जाते.

आठवडा असा धरा. सोमवारी पोहण्याचं तंत्र ४५ मिनिटं, बाकी विश्रांती. मंगळवारी सकाळी ट्रेनर एक तास, संध्याकाळी पोटरी-नितंब-पोटाचे व्यायाम अर्धा तास. बुधवारी पोहणं आणि मध्यम धावणं. गुरुवारी सायकल सव्वा तास, उतरून २० मिनिटं धावणं. शुक्रवारी पोहणं, तेच लांब. शनिवारी लांब सायकल, खाण्याच्या तालमीसह. रविवारी लांब धावणं. सगळं मिळून सुरुवातीला नऊ-दहा तास, लांब सायकल वाढली की त्याहून जास्त. कोणाची सकाळची नाडी दोन दिवस सात-आठ ठोक्यांनी वर दिसली, झोप मोडली किंवा ताईंपैकी कोणाची पाळी लांबली, तर त्या आठवड्यातली जोराची सत्रं काढून टाका. पाळी लांबण्यामागे बहुतेकदा खाणं कमी पडलेलं असतं, ते आधी वाढवा. शेवटच्या दोन आठवड्यांत वेळ निम्म्यावर आणा, पण पोहण्याच्या फेऱ्या तीनच राहू देत, नाहीतर पाण्याचा अंदाज चार दिवसांत जातो.

---

मीठ_साखर_पाणी

गोव्याला सायकली गाडीच्या टपावरून नेणार असाल तर चेन आणि स्क्रू यांच्यावर तेलाचा हात फिरवून न्या, आणि पोहोचल्यावर गिअर पुन्हा तपासा. वाटेतल्या धक्क्यांनी मागचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारा डीरेलर ज्याला टांगलेला असतो तो तुकडा, किंचित वाकतो आणि चढाला सगळ्यात मोठ्या दातरीवर टाकलं की डीरेलर थेट स्पोकमध्ये जातो. आदल्या दिवशी मिरामारला अर्धा तास चालवून सगळे गिअर एकदा वरखाली करून बघा.